ला स्कालाचे जुने ट्विटर बदलू की ठेवू?

जुनाभोंगा

मंडळी, बरेच महिने नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

माझ्याकडे क्लिप्श कंपनीचे ला स्काला स्पीकर आहेत, सत्तरच्या दशकातले. मूळचे काकांचे. ते गेल्यावर काकू म्हणाल्या, ही दोन कपाटं आता तू घेऊन जा. एकेक पन्नास किलोच्या वर आहे, चौघांनी मिळून आणली. आत सगळं मूळचं: खालच्या स्वरांचा के-३३ वूफर, मधल्यांचा के-५५-व्ही मिडरेंज, वरच्यांचा के-७७ ट्विटर आणि तिघांना आपापले स्वर वाटून देणारा एए क्रॉसओव्हर. मागचं झाकणसुद्धा कधी कुणी उघडलं असेल असं वाटत नाही.

मधला आवाज असा की काय सांगू. गाणारा माणूस समोर येऊन बसतो, घसा साफ केला तरी कळतं. पण वरचं काही नाहीच. झांज वाजते ती डब्यावर चमचा आपटल्यासारखी. टक् होतं आणि संपतं, मागची थरथर गायब. तंबोरा लागलाय हे कळतं, जवारी मात्र शोधावी लागते. तेच रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकलं की काय हरवलंय ते लगेच समजतं.

तर ट्विटर नवे टाकावेत असं मनात आहे. मात्र स्पीकर एका वॅटला १०४ डेसिबलचा, म्हणजे कुठलाही ट्विटर चालणार नाही इतपत कळतं. क्रॉसओव्हरला हात लावावा लागेल का? आणि काकांच्या पेटीला नवीन भोक पाडायची माझी छाती होत नाही, त्यावर काही उपाय?

तिरकसकान

ट्विटर अपग्रेड केलं की त्याचं एक्स होतं. नंतर पस्तावाल. हलके घ्या.

वायरमन

आधी एक सांगा, वय किती? ट्विटरचं नाही, तुमचं.

जुनाभोंगा

५८. का हो?

वायरमन

सांगतो, आधी बाकीच्यांचं येऊ द्या.

शून्यडेसिबल

बदला. डोळे मिटून बदला.

के-७७ म्हणजे इलेक्ट्रोव्हॉइसच्या टी-३५ चं भावंड. फिनॉलिकचा डायफ्रॅम (हलून आवाज करणारा पडदा), छोटा हॉर्न म्हणजे भोंगा. त्या काळात उत्तम होता, पण कंपनीच्या कागदातच ला स्कालाची वरची मर्यादा १७ किलोहर्ट्झ लिहिलेली असायची आणि तीही काही सरळ रेषेत गाठली जात नाही. पन्नास वर्षांनी त्यातलं किती उरलं असेल?

निवडताना ब्रँड नंतर बघा, आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर किती जोरात वाजतो ते. फोस्टेक्सचा टी-९०ए १०६ डेसिबलचा आहे, तो इथे शोभतो. त्याच कंपनीचा एफटी-१७एच स्वस्त म्हणून लोक उचलतात, पण तो ९८.५ चा. ला स्कालाच्या मिडरेंजपुढे तो साडेपाच डेसिबल मागे पडणार. जास्त जोराचा ट्विटर एल-पॅड (जोर कमी करणारा रोध) लावून खाली आणता येतो, कमी जोराचा वर कसा नेणार? मग अख्खा मिडरेंज क्रॉसओव्हरमधल्या ऑटोफॉर्मरवर (पातळी ठरवणारा ट्रान्सफॉर्मर) खाली आणावा लागतो आणि तुम्ही ज्यासाठी हे स्पीकर ठेवलेत तेच घालवून बसता.

भोक पाडायचं नसेल तर क्राइट्सचा सीटी-१२५ बघा. के-७७ च्याच भोकात बसावा म्हणून बनवलाय, एए क्रॉसओव्हरवर तसाच चालतो.

मंद्र

सेन्सिटिव्हिटीबद्दल वर लिहिलंय त्यात माझा कबुलीजबाब घाला.

मी अशाच एका जुन्या हॉर्न पेटीत सिल्क डोम ट्विटर (रेशमी घुमटाचा, बिनभोंग्याचा) बसवला होता. ९० डेसिबलचा, नावाजलेला. मनात म्हटलं, डोम गोड वाजतो, हॉर्न कर्कश, दोघांचं जमेल. जोडलं, गाणं लावलं, ट्विटर वाजतच नाहीये. पुन्हा वायर तपासल्या. कान अगदी जाळीला लावला तेव्हा कळलं, वाजतोय बिचारा, पण शेजारी १०४ चा भोंगा बोंबलतोय. १४ डेसिबलचा फरक म्हणजे पंचवीसपट पॉवर. ती कुठून आणणार? मी शहाणा, ट्रेबल पूर्ण फिरवून आवाज वाढवला. तिसऱ्या दिवशी डोमची कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळाली. वास अजून आठवतो.

वायरमन

शून्यडेसिबल यांचं सेन्सिटिव्हिटीचं म्हणणं शंभर टक्के मान्य, "डोळे मिटून" अजिबात नाही.

जुनाभोंगा, तुम्ही दुखणं सांगितलंत आणि लोक औषधाची नावं देतायत. नाडी कुणी बघायची? पैसा न लागणाऱ्या दोन गोष्टी आधी करा.

एक. ट्विटरची एक वायर क्रॉसओव्हरवरून सोडवा आणि मीटर लावा. ८ ओमच्या ट्विटरला साधारण ५ ते ७ दाखवायला हवं. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय. मीटर लागलेला असतानाच वायर हलक्या हाताने हलवून बघा, हे लोक विसरतात.

दोन. जाड कागदाची नळी करा, हातभर लांब. आवाज अगदी बारीक ठेवा, नळीचं एक टोक कानाला, दुसरं ट्विटरच्या तोंडाशी. एका पेटीचं ऐका, मग दुसरीचं. मोनो रेकॉर्डिंग लावा म्हणजे दोन्हीकडे सारखंच यायला हवं. फरक वाटला तर डावा ट्विटर उजवीकडे आणि उजवा डावीकडे टाका. दुखणं ट्विटरबरोबर गेलं तर दोष ट्विटरचा, जागेवरच राहिलं तर क्रॉसओव्हरचा.

आता वयाचं. रागावू नका, मी स्वतः ६१ चा आहे. पन्नाशी-साठीत बऱ्याच जणांना १२ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकूच येत नाही. आठवतं का, जुना काचेच्या नळीचा टीव्ही चालू असला की बाहेरच्या खोलीतूनही एक बारीक शीळ ऐकू यायची? पॅल टीव्हीत ती शीळ १५,६२५ हर्ट्झची असायची. ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं, करा गुणाकार. लहानपणी ऐकू यायची, नंतर एके दिवशी बंद झाली. टीव्ही सुधारला असं मला वाटलं होतं.

कोपरा

वायरमन, शेवटच्या वाक्याला दंडवत.

जुनाभोंगा

हे काही आवडलं नाही :) पण हेडफोनवर तर मला वरचं ऐकू येतं! कान गेले असते तर तिथेही आलं नसतं.

वायरमन

मुद्दा बिनतोड आहे. म्हणजे तुमचं हरवलेलं बहुतेक ६ ते १२ च्या मधलं आहे, १७ च्या वरचं नव्हे. पियानोची शेवटची पट्टी ४१८६ हर्ट्झला संपते. त्याच्यावर मूळ स्वर नाहीतच म्हणा, नुसती झळाळी. पण झांजेला झांजपण आणि जवारीला धार तिथेच मिळते. आणि के-७७ धड असेल तर त्या पट्ट्यात तो अजूनही चोख वाजायला हवा. वाजत नाहीये याचा अर्थ काहीतरी मेलंय किंवा मरतंय. १२ ते १७ म्हणजे उणंपुरं अर्धं सप्तक. त्या अर्ध्या सप्तकासाठी नवे ट्विटर घेण्याआधी खालचं आख्खं सप्तक शाबूत आहे का ते बघा, एवढंच सांगतोय.

फिरकी

वायरमनदादांशी सहमत. आमच्या पेट्यांत गुन्हेगार क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर निघाले होते, खालचे स्वर अडवून वरचेच पुढे सोडणारे.

एए मध्ये प्रत्येक पेटीत तीन असतात. मिडरेंजला १३ मायक्रोफॅरडचा एक, ट्विटरला २ मायक्रोफॅरडचे दोन आणि त्या दोघांच्या मध्ये एक छोटी कॉइल. डबे तेलाचे, पत्र्याचे, दिसायला मस्त. पन्नास वर्षांत त्यांचा आतला रोध वाढतो आणि ट्विटरकडे जायचं ते वाटेतच जिरतं. आवाज बंद पडत नाही, इतका हळूहळू कोमेजतो की रोज ऐकणाऱ्याला पत्ताच लागत नाही.

डबा पाझरलेला दिसला, कडेला चिकट तेल आलं असेल, तर उघड्या हाताने पुसू नका. १९७९ च्या आधीच्या काही तेलकट कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं विषारी रसायन असायचं. हातमोजे घाला, पिशवीत बांधून वेगळं ठेवा, फोडून बघायचा मोह नको.

नवे साधे पॉलिप्रॉपिलिनचे घ्या, तेवढ्याच किमतीचे. म्हणजे तेवढ्याच मायक्रोफॅरडचे :)

शून्यडेसिबल

साधे? चांगल्या कपॅसिटरने जो फरक पडतो तो एकदा ऐका, मग बोला. तांब्याच्या पातळ पत्र्याचे, तेलातले, माझ्याकडे आहेत. स्टेजची खोली वाढते.

तिरकसकान

खोली वाढते म्हणजे भाडंही वाढत असेल.

फिरकी

शून्यडेसिबल, डोळ्यांवर पट्टी बांधून दहापैकी आठ वेळा ओळखून दाखवा, मी तुमचेच घेईन. आमच्याकडे करून बघितलं. जुने विरुद्ध नवे: सगळ्यांनी ओळखलं. नवे साधे विरुद्ध नवे महाग: सगळे नापास, मीसुद्धा.

शून्यडेसिबल

तुमची सिस्टिम तेवढी बारकावे दाखवणारी नसेल. असो, तो वाद इथे नको.

कोपरा

*(पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, एवढ्यात आवरलं?)*

लोहचुंबक

माझा मूर्खपणा सांगतो, कुणाचं तरी वाचेल.

माझ्याकडेही के-७७ ची जोडी. गोल पाठीचे, अल्निको चुंबकाचे. पुढे चौकोनी फेराइट चुंबकाचे आले ते नव्हेत. एक जरा घोगरा वाटत होता. समोरून उघडून डायफ्रॅम काढला, फटीत धूळ दिसली, चिकटपट्टीची घडी घालून फिरवली, लोखंडाचा बारीक कीस निघाला. इथे थांबलो असतो तर आज सुखात असतो. पण म्हटलं, मागूनही साफ करू. चुंबकाचा गाभा सोडवला, लखलखीत पुसला, परत बसवला. ट्विटर वाजला, पण शेजारच्या खोलीतून वाजल्यासारखा.

अल्निकोचं असं आहे की त्याची लोखंडी चौकट सोडली, चुंबकीय मार्ग उघडा पडला, की ते स्वतःचंच बळ घालवून बसतं. परत जोडून ते येत नाही, पुन्हा चुंबकित करून आणावं लागतं. डायफ्रॅम काढणं वेगळं, पोल पीस म्हणजे तो गाभा सोडवणं वेगळं. तेव्हापासून माझ्या जोडीतला एक ठणठणीत आणि एक मुका. चार वर्षं झाली, जोड शोधतोय.

मंद्र

अरेरे.

तिरकसकान

स्वच्छतेचं वेड म्हणतात ते हेच.

निवांत

थोडं अवांतर. ट्विटर बदलल्यावर वायर उलटी जोडून बघा असं एकाने मला सांगितलं होतं. ए टाइप क्रॉसओव्हर आहे. उलटी केली आणि आवाज खुलला. म्हणजे कंपनीनेच चुकीची जोडली होती का?

शून्यडेसिबल

मिडरेंज आणि ट्विटर एकाच फेजमध्ये, म्हणजे एकदमच पुढे-मागे हलणारे हवेत. बस्स. उलटी म्हणजे चूक.

वायरमन

बस्स कसं? ६००० हर्ट्झला लाटेची लांबी ५.७ सेंटिमीटर. मिडरेंजचा डायफ्रॅम आपल्या हॉर्नच्या शेपटीला, ट्विटरच्या साधारण अर्धा मीटर मागे. अर्धा मीटर म्हणजे जवळपास दीड मिलिसेकंदाचा उशीर, म्हणजे तिथे आठ-नऊ लाटा आधीच पुढे गेल्यात. त्यात अधिक-उणे बघून काय मिळणार? ट्विटर तीन सेंटिमीटर मागे सरकवा, पोलॅरिटी उलटी केल्यासारखंच होतं. निवांत यांच्या बैठकीच्या जागी ते जुळलं असेल, दोन पावलं सरकले की उलटं वाटेल.

म्हणूनच जुनाभोंगा, नवा ट्विटर आणलात तर लगेच पेटीत बसवू नका. पेटीच्या माथ्यावर ठेवा, लांब वायर जोडा, पुढे-मागे सरकवत आठवडाभर ऐका. भोकाचा प्रश्नही तेवढे दिवस टळतो.

निवांत

खरंच दोन पावलं सरकून बघितलं. उलटं वाटलं. आता मला झोप लागणार नाही.

मंद्र

निवांत, टाइप ए चं एक लक्षात घ्या. त्यात ट्विटरला फक्त २ मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर असतो. ८ ओमवर त्याचं गणित साधारण १०,००० हर्ट्झला येतं आणि उतारही मंद. खालचे स्वर बऱ्यापैकी ट्विटरमध्ये झिरपत राहतात. कुणी "अजून जरा वरचं येऊ दे" म्हणून तिथे ४ मायक्रोफॅरड टाकतं, मग सीमा ५००० ला येते आणि ट्विटरवर भार वाढतो. एए मध्ये तसं नाही, तिथे तीव्र उतार आहे. मिडरेंजला मात्र दोन्हींत वरून अडवणारं काहीच नाही. तो आपला आपण थकतो आणि थांबतो.

कोपरा

एए मध्ये ट्विटरला समांतर, पाठीला पाठ लावून दोन झेनर डायोड असतात ना? ते काढून टाकावेत असं सगळीकडे वाचलं. आवाज मोकळा होतो म्हणे.

फिरकी

ते ट्विटरचे अंगरक्षक आहेत. जास्त व्होल्ट आले की ते लाटेचा माथा कापतात. तेव्हा आवाज फाटतो हे खरं, पण कॉइल वाचते. हे स्पीकर एका वॅटला १०४ डेसिबल देतात, घरात एरवी आपण एक वॅटसुद्धा वापरत नाही. तेव्हा डायोड झोपलेलेच असतात. झोपलेल्यांना काढून आवाज मोकळा कसा होणार?

घरात पाहुणे आणि लहान मुलं येत नसतील तर काढा. आमच्याकडे भाचा येतो, आम्ही ठेवलेत.

शून्यडेसिबल

मी काढलेत. पाहुण्यांना बटणाला हात लावू देत नाही. (इथे फिरकीताईंशी अर्धा सहमत.)

कोपरा

स्क्रीनशॉट काढून ठेवला.

जुनाभोंगा

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. सुट्टीच्या दिवशी उघडतो आणि कळवतो.

तिरकसकान

असं म्हणून गेलेले धागाकर्ते परत येत नाहीत असा अनुभव आहे.

जुनाभोंगा *(नऊ दिवसांनी)*

तिरकसकान, आलो.

मुलीला हाताशी घेतलं. वय १९, कान नवे. मागचं झाकण काढल्यावर आत काकांच्या हातची पेन्सिलची खूण दिसली, डावा-उजवा लिहिलेलं. म्हणजे त्यांनी एकदा तरी उघडलं होतं. माझं पहिल्या पोस्टमधलं विधान मागे घेतो.

आधी मीटर. उजवा ५.९ ओम. डावा ६.१. दोन्ही ठीक, म्हटलं झालं, कपॅसिटरच असणार. मीटर काढणार तेवढ्यात मुलगी म्हणाली, ते वायर हलवायचं लिहिलंय ना कुणीतरी? हलवली. डाव्याचा आकडा गायब. सोडली, पुन्हा ६.१. आतली केसाएवढी तार डायफ्रॅमपाशी अर्धवट तुटलीय. मनात आलं की वाजतो, नाही आलं की नाही. इतके दिवस मी एकाच ट्विटरवर ऐकत होतो बहुतेक.

मग कागदाची नळी. उजव्याला लावली तर आवाज आहे पण मंद. तोच उजवा ट्विटर डाव्या क्रॉसओव्हरवर टाकला, तिथेही मंद. म्हटलं, दोन्हीकडचे कपॅसिटर सारखेच म्हातारे असतील. सहाही कपॅसिटर बदलले, साधे पॉलिप्रॉपिलिनचे. डबे कोरडे निघाले, तरी हातमोजे घातले होते. जुन्यांची किंमत मीटरवर २.० आणि २.१ आली, म्हणून मी जरा हिरमुसलो होतो.

वायरमन

साधा मीटर मायक्रोफॅरड दाखवतो, आतला रोध दाखवत नाही. हिरमुसू नका. पुढे?

जुनाभोंगा

पुढे उजवी पेटी एकटीच मोनोवर लावली. झांज वाजली आणि विझत गेली, मागे तार ओढल्यासारखी. मला ऐकू आली! मुलगी म्हणाली, बाबा, याच्या वरही थोडं आहे, पण ते असू दे.

आता प्रश्न पुन्हा तोच, फक्त निम्मा. डाव्याचं काय?

लोहचुंबक

डायफ्रॅम मिळतात टी-३५ ला बसणारे. पण नवा एका बाजूला आणि पन्नास वर्षांचा दुसऱ्या बाजूला, हे जुळेल की नाही सांगता येत नाही. मी प्रयत्न करून सोडून दिला.

फिरकी

जोडी बदला, एकाच वेळी. डावं-उजवं सारखं नसलं की गाणारा मध्ये उभाच राहत नाही, एका बाजूला कलतो.

शून्यडेसिबल

म्हणजे शेवटी बदलायचेच ठरले तर. मी पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं?

वायरमन

"डोळे मिटून" म्हटलं होतंत. त्यांनी उघडे ठेवून केलं म्हणून कपॅसिटर सापडले. नाहीतर नवे ट्विटरही त्याच मेलेल्या डब्यांमागे बसून मंदच वाजले असते आणि मग तुम्ही त्यांना अॅम्प्लिफायर बदलायला लावला असता.

शून्यडेसिबल

अॅम्प्लिफायर कुठला आहे तसा?

जुनाभोंगा

नको! :)

सीटी-१२५ ची जोडी मागवली आहे. त्याच भोकात, त्याच स्क्रूंवर बसतात, काकांच्या पेटीला ओरखडा नाही. आधी आठवडाभर माथ्यावर ठेवून ऐकेन. झेनर तसेच ठेवणार, पुतण्या येतो अधूनमधून.

लोहचुंबक

जुने काढलेत की विकणार का? पाठ गोल आहे की चौकोनी?

जुनाभोंगा

गोल. पण त्यातला एकच जिवंत आहे हो.

लोहचुंबक

चालेल. माझ्याकडेही एकच जिवंत आहे. व्यनि (खासगी निरोप) केला आहे, बघा.